व्हेंटिलेटर: रेट १६ लावलेला, स्क्रीनवर २४ का? (मदत हवी आहे)

नमस्कार. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झाल्यापासून सर्जिकल वॉर्डात होते, आता मेडिकल आयसीयूत बदली झाली आहे. सिनियर सिस्टर सांगतात सगळं, पण ड्युटीच्या धावपळीत भराभर.

न्यूमोनियाचा एक पेशंट, उंची १६५ सेमी. व्हॉल्यूम असिस्ट कंट्रोल मोडवर होता: टायडल व्हॉल्यूम (एका श्वासातली हवा) ३८० मिली, रेट (मिनिटाला श्वास) १६, पीप (श्वास सोडल्यावरही फुप्फुसात राखलेला दाब) ८. स्क्रीनवर मात्र टोटल रेट २४. मशीन जास्तीचे श्वास का देतं?

पुढे सुधारल्यावर प्रेशर सपोर्ट मोडवर घेतला, तर तिथे रेट लावायची सोयच दिसेना! रात्री मिडॅझोलम (गुंगीचं औषध) दिल्यावर ॲप्नियाचा (श्वास थांबल्याचा) अलार्म वाजला. असिस्ट कंट्रोलवर असं कधी झालं नव्हतं.

आणि एसआयएमव्ही (ठरलेले श्वास मशीनचे, मधले पेशंटचे स्वतःचे) हा मोड पुस्तकात पानंच्या पानं आहे, पण आमच्याकडे कोणी लावत नाही. का?

भूलतज्ज्ञ, उत्तर:
कुठलाही मोड आला की तीन गोष्टी बघा. श्वास सुरू कोण करतं, किती घ्यायचा हे कोण ठरवतं, आणि थांबवतं कोण.

असिस्ट कंट्रोलमध्ये १६ म्हणजे किमान. पेशंट गप्प पडून राहिला तरी तेवढे मिळणारच. त्याने स्वतः ओढला की मशीन त्या प्रत्येक श्वासाला पूर्ण ३८० देतं. म्हणून '१६ मशीनचे, ८ त्याचे' असा हिशोब करू नका. तो नियमित २४ वेळा ओढत असेल, तर चोवीसही त्यानेच सुरू केलेले असतात. मिनिटाला नऊ लिटरच्या वर हवा झाली ही. ताप, वेदना, ॲसिडोसिस (रक्तातलं आम्ल वाढणं) बघा. ट्यूबिंगमध्ये पाणी साचलं किंवा गळती असली तरी मशीन फसतं आणि पेशंटने ओढलं असं समजतं. सीओपीडीवाला (श्वासनलिका अरुंद झालेला जुनाट आजार) असेल तर जास्त काळजी: बाहेर सोडायला वेळ पुरत नाही, हवा आत अडकत जाते.

३८० हा आकडा वजनकाट्यावरून येत नाही. १६५ सेमीच्या पुरुषाचं उंचीवरून काढलेलं वजन साधारण ६१.५ किलो, त्याला किलोमागे ६ मिलीच्या आसपास. एआरडीएसमध्ये (फुप्फुसांना तीव्र सूज येऊन ऑक्सिजन घसरतो तो आजार) किलोमागे १२ ऐवजी ६ मिली दिल्याने मृत्यू कमी होतात, हे २००० सालच्या अमेरिकन चाचणीत दिसलं.

प्रेशर सपोर्टमध्ये सुरुवात पेशंटची, मशीन फक्त ठरलेला दाब देतं. आत जाणारा प्रवाह शिखराच्या साधारण २५ टक्क्यांवर उतरला की श्वास संपतो. पेशंटने ओढलंच नाही, तर द्यायला काही नाही. मिडॅझोलमने तेच झालं. म्हणून ॲप्निया बॅकअप (श्वास थांबला तर मशीनने आपोआप श्वास देण्याची सोय) चालू आहे का आणि किती सेकंदांवर आहे, हे हँडओव्हरलाच बघा.

एसआयएमव्हीचं सांगायचं तर १९९५ च्या स्पॅनिश अभ्यासात पेशंटला मशीनवरून सोडवायला तीच पद्धत सर्वांत संथ ठरली. रोज एकदा टी-पीसवर (मशीन काढून ट्यूबला जोडायची ऑक्सिजनची नळी) स्वतः श्वास घेऊ देणं कितीतरी जलद. आमच्या हॉस्पिटलात मात्र अजून काही जण सवयीने लावतात, असो.

मूळ प्रश्नकर्ती:
आभारी आहे सर. प्रेशर कंट्रोलवर (ठरलेल्या दाबाने श्वास देणारा मोड) असेल तर कफ अडकल्याचं कळणार कसं? कारण दाब तर आपणच लावलेला.

भूलतज्ज्ञ:
व्हॉल्यूम घसरतो. व्हॉल्यूम मोडमध्ये त्याच कफाने पीक प्रेशर (श्वास देतानाचा सर्वाधिक दाब) चढतं. म्हणून प्रेशर कंट्रोलवर लो टायडल व्हॉल्यूमचा अलार्म नीट लावलेला हवा. तोच तुमचा पहारेकरी.

आयसीयू इनचार्ज सिस्टर:
अगं, आणि अलार्म वाजला की आधी पेशंटची छाती बघ, मग स्क्रीन. काही उमगेना आणि सॅच्युरेशन उतरतंय, तर मदतीला हाक मार, मशीन काढ आणि अंबू बॅगने (हाताने दाबायची पिशवी) श्वास दे. बॅग ऑक्सिजनला जोडलेली आहे का, हे ड्युटीवर आल्या आल्या बघून ठेवायचं.