मदत हवी आहे : आबांना जुनं सगळं आठवतंय, सकाळचं नाही

रंकाळाकाठ: १९५९ ला पैलवान खंचनाळे हिंदकेसरी झाले ते आमचे आबा अजून रंगवून सांगतात. पण जेवून उठले की आईला म्हणतात, "ताट वाढ." असं का होतं? अल्झायमरच असणार ना? कोल्हापुरातला चांगला डॉक्टर सांगा, लवकर.

करवीरकर: वय किती? कधीपासून? गोळ्या कुठल्या चालू आहेत?

रंकाळाकाठ: ८१. बीपीची गोळी आहे. का होतं ते सांगा की!

जीवशास्त्र_सर: नवी आठवण पक्की करायला मेंदूतला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग लागतो. जुन्या आठवणी हळूहळू मेंदूच्या बाहेरच्या थरात मुरतात. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन यांची फिट थांबावी म्हणून दोन्ही बाजूंचा हा भाग बराचसा काढला. लहानपणीचं आठवायचं, पण नवीन माणूस खोलीबाहेर जाऊन आला की परत अनोळखी. अल्झायमरमध्ये हाच भाग लवकर बिघडतो. पण विसरणं म्हणजे अल्झायमरच असं नाही.

वैद्यांची_सून: ब्राह्मी तूप द्या. माझ्या सासऱ्यांना फरक पडला.

करवीरकर: आधी बी१२ व्हिटॅमिन आणि थायरॉइड तपासा. तूप नंतर.

रंकाळाकाठ: बी१२ कशाला? बुधवार-रविवार मटण असतंय घरात.

करवीरकर: या वयात खाल्लेलं बी१२ नीट शोषलं जाईलच असं नाही.

तालीमप्रेमी: आबांना खासबागेतल्या कुस्त्या विचारून रेकॉर्ड करा हो. असं सांगणारी माणसं राहिली नाहीत.

बारावीची_आई: सर, मुलाचं पाठांतर टिकत नाही, काय करू?

जीवशास्त्र_सर: रात्री पुरेसं झोपू द्या. आठवणी झोपेत पक्क्या होतात.

सिस्टर_कागल: रंकाळाकाठ, विसरणं हळूहळू वाढलं की एकदम? पडले होते का?

रंकाळाकाठ: गणपतीच्या आधी मोरीत घसरले होते. डोक्याला टेंगूळ आलं, रक्त नाही. तोवर बाजारहाट स्वतः करायचे. अँजिओप्लास्टी झाल्यापासून रक्त पातळ करायची गोळी आहे.

सिस्टर_कागल: दादा, डॉक्टर शोधत बसू नका, आजच डोक्याचा सीटी स्कॅन करा. अशा गोळीवर साध्या माराने पण मेंदूच्या आवरणाखाली रक्त साठू शकतं, आठवड्यांनी त्रास दिसतो. तेच निघालं तर बऱ्याचदा रक्त काढून माणूस सुधारतो. सीपीआर हॉस्पिटलच्या अपघात विभागात न्या. पडल्याचं आणि गोळीचं सांगा.

वैद्यांची_सून: आधी स्कॅनच करा. तूप राहू दे.

रंकाळाकाठ: रिक्षा बोलावली. परवापासून डावा पाय ओढत चालतात, तेही सांगायचं का?

सिस्टर_कागल: तेच सगळ्यात आधी सांगा. गोळ्यांची पाकिटं बरोबर घ्या.