श्रीहरिकोट्याच्या उड्डाणाची तारीख पक्की कधी समजायची?

दिगंश१०७
ॲपमध्ये इस्रोची पुढची उड्डाणे दिसतात, पण तारखा सारख्या सरकतात. एखादे उड्डाण बरेच दिवस महिन्याच्या ३१ तारखेला दिसते आणि अचानक पुढच्या महिन्याच्या ३० ला जाऊन बसते. पुण्याहून दोघांनी जाऊन लाँच व्ह्यू गॅलरीतून उड्डाण बघायचा बेत आहे. तारीख कुठल्या टप्प्यावर धरून चालायची? नोटॅम (विमानांसाठीची सूचना) कसा वाचायचा? तिकिटे कधी काढायची? आणि सोलापूरच्या बाजूच्या माळावरून रॉकेट दिसते असे एका व्हॉट्सॲप ग्रुपवर वाचले, त्यात तथ्य आहे का?

चौथा_टप्पा
महिन्याची शेवटची तारीख दिसली की ती तारीख नाही असेच समजा. या ॲपच्या मागे जो डेटाबेस असतो त्याला तारखेचा रकाना रिकामा ठेवता येत नाही. फक्त महिना माहीत असेल तर महिन्याचा शेवटचा दिवस भरून ठेवतात आणि वेळ शून्य वाजून शून्य मिनिटे, यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ). आपल्या फोनवर ती पहाटे ५:३० अशी उमटते. म्हणून महिनाअखेर आणि नेमके ५:३० अशी जोडी दिसली तर त्या नोंदीचा अर्थ ‘या महिन्यात, कधीतरी’ एवढाच. शेजारी ‘टीबीडी’ (म्हणजे अजून ठरायचे आहे) लिहिलेले असतेच, पण ते बारीक अक्षरात असल्याने नजरेतून सुटते. ‘एनईटी’ लिहिले असेल तर ‘याच्या आधी नाही’, नंतर कितीही.

तारखेपेक्षा रॉकेटचे काम कुठवर आले ते बघा. उपग्रह श्रीहरिकोट्याला पोचल्याची बातमी आली की उड्डाण आठवड्यांच्या अंतरावर आलेले असते. नोटॅम निघाला की दिवसांवर. मग इस्रो तारीख आणि मिनिटासकट वेळ जाहीर करते, गॅलरीची नोंदणी उघडते, मिशन रेडिनेस रिव्ह्यू (तयारीचा आढावा) होतो आणि शेवटी लाँच ऑथरायझेशन बोर्डाची परवानगी मिळून काउंटडाउन सुरू होते. पीएसएलव्ही या इस्रोच्या नेहमीच्या रॉकेटचे काउंटडाउन साधारण २५ तासांचे असते, कारण दुसऱ्या आणि चौथ्या टप्प्यात द्रव इंधन भरायचे असते.

काउंटडाउन सुरू झाले म्हणजे उड्डाण झालेच, असे मात्र धरू नका. चांद्रयान-२ चे काउंटडाउन १५ जुलै २०१९ ला ५६ मिनिटे २४ सेकंद उरली असताना थांबले आणि उड्डाण थेट २२ जुलैला झाले. युरोपच्या प्रोबा-३ उपग्रहांचे उड्डाण ४ डिसेंबर २०२४ वरून ५ डिसेंबरवर गेले, कारण उपग्रहाच्या प्रणोदन यंत्रणेत दोष दिसला. तेव्हा वेळही दुपारी ४:०८ ची ४:०४ झाली. गगनयानच्या टीव्ही-डी१ चाचणीत २१ ऑक्टोबर २०२३ ला संगणकाने अवघे ५ सेकंद उरले असताना क्रम थांबवला. सकाळी ८ चे उड्डाण १० ला झाले. त्या दिवशी ‘रद्द झाले’ म्हणून जे उठून गेले त्यांचे उड्डाण चुकले. थांबल्यानंतर निदान दोन तास जागा सोडू नये.

फ्लाइट_रीजन
नोटॅमबद्दल. विमानांसाठी काढलेली ही सूचना असते. नोटॅम शोधता येणाऱ्या कुठल्याही साइटवर चेन्नई विभागाचा संकेत ‘व्हीओएमएफ’ रोमन अक्षरांत टाका. ‘बी’ ही सुरुवात, ‘सी’ हा शेवट. आकडे वर्ष-महिना-दिवस-तास-मिनिट या क्रमाने आणि यूटीसीमध्ये. समजा बी पुढे २६०३१४२१०० आणि सी पुढे २६०३१५०१०० आहे. साडेपाच तास मिळवा: १५ मार्च, पहाटे २:३० ते ६:३०. कागदावर १४ तारीख आणि आपल्याकडे १५. सर्वांत जास्त घोळ इथेच होतो. चांद्रयान-२ च्या पहिल्या प्रयत्नाची वेळ आपल्याकडे १५ जुलैला पहाटे २:५१ होती, यूटीसीत मात्र १४ तारखेचे २१:२१.

बी आणि सी मध्ये अनेक दिवसांचा फरक असेल आणि मजकुरात रोजची ठरावीक वेळ दिली असेल, तर पहिला दिवस हा बेत आणि पुढचे राखीव. तीन-चार तासांची विंडो म्हणजे उड्डाणाला तेवढा वाव आहे असेही नाही. आकाश मोकळे ठेवायचा तो काळ असतो. प्रत्यक्ष वेळ इस्रोच्या घोषणेतूनच घ्यायची. तीही मिनिटा-दोन मिनिटांनी हलते. स्पेडेक्स या उपग्रह-जोडणीच्या मोहिमेच्या वेळी (३० डिसेंबर २०२४) रात्री ९:५८ ची वेळ १० वर गेली, कारण वाटेत दुसऱ्या उपग्रहांजवळून जायची शक्यता होती.

आता नकाशा, ज्यात खरी मजा आहे. पहिले धोकाक्षेत्र म्हणजे लाँचरभोवती १० सागरी मैलांचे वर्तुळ, केंद्र साधारण १३°४३′ उत्तर, ८०°१४′ पूर्व. पुढची क्षेत्रे चार कोपऱ्यांची असतात आणि जळून झालेले टप्पे तिथे पडतात. ते कोपरे गूगल अर्थवर टाका. चौकोन आग्नेयेला, बंगालच्या उपसागरावरून पुढे जात असतील (चांद्रयान-३ चा दिगंश, म्हणजे उत्तरेपासून अंशांत मोजलेली दिशा, १०७ होता; म्हणजे तुमचेच नाव) तर बहुधा एलव्हीएम३ किंवा जीएसएलव्ही ही इस्रोची मोठी रॉकेटे. पहिला चौकोन आग्नेयेला आणि पुढचे चौकोन श्रीलंकेला वळसा घालून सरळ दक्षिणेला असतील तर ध्रुवीय कक्षेचे उड्डाण, बहुधा पीएसएलव्ही. रॉकेटचे नाव जाहीर होण्याआधीच एवढा अंदाज बांधता येतो.

चौकोन ओडिशाच्या किनाऱ्यापासून, म्हणजे २०°४५′ उत्तरेच्या आसपास सुरू होत असेल तर ती अब्दुल कलाम बेटावरची क्षेपणास्त्र चाचणी. दर वेळी कोणीतरी ती ‘इस्रोचे गुप्त उड्डाण’ म्हणून फिरवते. कृपया कोऑर्डिनेट बघितल्याशिवाय पुढे ढकलू नका.

गुडूर_जंक्शन
गॅलरीची नोंदणी श्रीहरिकोटा केंद्राच्या साइटवर, विनामूल्य. ती फार आधी उघडत नाही: आदित्य-एल१ चे उड्डाण २ सप्टेंबर २०२३ ला होते आणि नोंदणी २९ ऑगस्टला दुपारी १२ ला उघडली. मोठ्या मोहिमेच्या जागा बघता बघता संपतात. दोघांच्या ओळखपत्रांचे क्रमांक आधीच एका चिठ्ठीवर लिहून ठेवा, ओटीपी येणारा फोन हाताशी ठेवा, आणि तिथे जाताना नोंदणीत दिलेलेच ओळखपत्र मूळ प्रतीत न्या.

यातली अडचण उघड आहे: नोंदणी चार दिवस आधी, रेल्वेचे आरक्षण त्याच्या खूप आधी भरलेले. तत्काळवर विसंबू नका. तत्काळचे कन्फर्म तिकीट रद्द केले तर परतावा मिळत नाही आणि उड्डाण सरकले की पैसे बुडाले. इस्रोची तारीख येण्याची वाट न बघता नोटॅम दिसताच साधे तिकीट काढा. जायचे उड्डाणाच्या आदल्या दिवशी पोचेल असे, परतीचे निदान दोन दिवस सोडून.

पुण्याहून चेन्नईची गाडी सोलापूर, वाडी, गुंतकलवरून रेणिगुंटाला येते आणि तिथून अरक्कोणमकडे वळते. श्रीहरिकोट्याला जवळचे स्टेशन सुलूरपेट, तिथे ती जातच नाही. एक पर्याय म्हणजे चेन्नई सेंट्रलला उतरून उपनगरी गाडीने सुलूरपेट. दुसरा म्हणजे रेणिगुंटाला उतरून श्रीकालहस्ती, नायडुपेटमार्गे रस्त्याने. नागपूर, वर्ध्याच्या मंडळींना सोपे आहे. विजयवाडामार्गे चेन्नईला जाणाऱ्या काही गाड्या गुडूरला थांबतात, तिथून लोकल. सुलूरपेटला लॉज मोजकेच, म्हणून मुक्काम चेन्नई किंवा तिरुपतीला. सुलूरपेटपासून श्रीहरिकोटा बेटापर्यंतचा रस्ता पुलिकत सरोवरातून जातो आणि उड्डाणाच्या दिवशी नाक्यावर तपासणीची रांग लागते, तेव्हा दोन-तीन तास हातात ठेवा.

ऑक्टोबर ते डिसेंबर तिकडे ईशान्य मान्सून असतो. पावसात रॉकेट उडू शकते, पण ढग खाली असतील तर गॅलरीतून काही सेकंदच दिसते. पर्याय असेल तर जानेवारी ते मार्चमधले उड्डाण निवडा.

चौथा_टप्पा
सोलापूरचा प्रश्न राहिला. हिशेब सोपा आहे: अंतराचा किलोमीटरमधला वर्ग करा आणि १२,७४२ ने भागा. क्षितिजावर यायला वस्तू किती किलोमीटर उंच हवी ते मिळते.

चेन्नई, सुमारे ८० किमी: अर्धा किमी. म्हणजे रॉकेट जवळपास लगेच दिसते.
सोलापूर, सुमारे ६३० किमी: ३१ किमी.
मुंबई, सुमारे ९८० किमी: ७५ किमी.

चांद्रयान-३ च्या वेळी एलव्हीएम३ चे दोन्ही एस२०० बूस्टर १२७ सेकंदांनी, ६२ किमी उंचीवर सुटले. झगझगीत ज्वाळा त्यांचीच. नंतर उरतो तो एल११० हा द्रव इंधनाचा मधला टप्पा, ज्याची ज्वाळा फिकट असते. म्हणजे मुंबईसाठी रॉकेट क्षितिजावर येण्याआधीच बूस्टर संपलेले. सोलापुरात बूस्टर सुटण्याआधी रॉकेट क्षितिजावर येते, पण तेव्हा ते जास्तीत जास्त तीन अंशांच्या आत, तेही आपल्यापासून दूर जाताना. तेवढ्या खाली धूळ आणि धुरकेच असते. त्यासाठी माळावर जाऊ नका.

चेन्नईच्या गच्चीवरून मात्र अगदी छान दिसते, पास लागत नाही. एक काळजी घ्या: यूट्यूबवरचे थेट प्रक्षेपण अनेक सेकंद मागे असते. पडद्यावर शून्य होईपर्यंत थांबलात तर रॉकेट केव्हाच वर गेलेले असते. फोनचे घड्याळ बघा आणि उत्तरेकडे नजर लावून बसा. पीएसएलव्ही एक्सएल असेल तर २५ सेकंदांनी आणखी दोन स्ट्रॅप-ऑन (बाजूला लावलेले छोटे बूस्टर) हवेतच पेटतात.

दिगंश१०७
सोलापूर रद्द, नोटॅम आल्यावर चेन्नईचे तिकीट. गॅलरीचा पास नाही मिळाला तर गच्ची. गुडूर_जंक्शन, रेणिगुंटाहून सुलूरपेटला थेट बस असते की नायडुपेटला बदलावी लागते?

गुडूर_जंक्शन
तिरुपतीच्या मुख्य बसस्थानकावरून बघा, रेणिगुंटाला बसची वाट बघत बसू नका. थेट नाही मिळाली तर नायडुपेट गाठा. तिथून चेन्नईकडे जाणारी बस हमरस्त्याने सुलूरपेटवरूनच जाते. पहाटेचे उड्डाण असेल तर या मार्गाच्या नादी न लागता आदल्या संध्याकाळी चेन्नईहून गाडी ठरवा.