मदत हवी आहे: डोकेदुखीची संयुक्त गोळी सुरक्षितपणे कमी कशी करतात?

आईला ताणामुळे होणाऱ्या डोकेदुखीसाठी डॉक्टरांनी ब्युटालबिटाल ५० मि.ग्रॅ., पॅरासिटामॉल ३२५ मि.ग्रॅ. आणि कॅफिन ४० मि.ग्रॅ. असलेली गोळी लिहून दिली आहे. दिवसाला सहापेक्षा जास्त नाही, ही मर्यादा ती पाळते. सर्दीच्या औषधाच्या वेष्टनावर बारीक अक्षरांत पॅरासिटामॉल दिसल्यावर तेही आम्ही बाजूला ठेवले. मद्य किंवा झोपेची गोळी ती घेत नाही, यकृताचा त्रास नाही. मात्र अशी संयुक्त औषधे महिन्यातून १० किंवा अधिक दिवस, असे ३ महिन्यांहून जास्त काळ घेतल्यास औषधामुळेच डोकेदुखी जडू शकते, आणि तिच्या नोंदवहीवरून वापर आता तिथवर गेलेला दिसतो. ब्युटालबिटाल हे बार्बिट्युरेट (मेंदूची क्रिया मंदावणारे, सवय लावू शकणारे औषध) असल्याने नियमित घेणाऱ्याने ते एकदम सोडल्यास झटके येण्याचा धोका असतो, म्हणून आम्ही स्वतःहून काहीही बदललेले नाही. डॉक्टरांची वेळ घेतली आहे, त्यामुळे पर्यायी औषधांची नावे किंवा घरगुती उपाय कृपया सुचवू नयेत. ज्यांनी हे औषध वैद्यकीय देखरेखीखाली सोडले, त्यांची मात्रा साधारण कशी उतरवली गेली, त्या काळात उसळणाऱ्या डोकेदुखीची काय सोय केली होती, आणि कोणती लक्षणे दिसताच थेट रुग्णालय गाठण्यास सांगितले होते?