विषयओळीतील मराठी अक्षर मध्येच का फुटते?

प्रश्न (कोथरूड)
सभासदांना मराठीतून सूचना पाठवणाऱ्या एका ई-मेल प्रणालीची चाचणी सध्या माझ्याकडे आहे. आतला मजकूर व्यवस्थित उमटतो. परंतु विषयओळ लांब असली, की कधी कधी एखाद्या चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्हे दिसतात. नवल असे, की 'मराठी' हा शब्द दहा वेळा सलग जोडून केलेली चाचणी दर वेळी निर्दोष ठरते आणि 'सिंहगड रस्ता येथील पाणीपुरवठा गुरुवारी बंद राहील' ही साधी सूचना मात्र फुटते. फोनवर तीच ओळ नीट दिसते. दोष कोठे शोधावा?

उत्तर (हडपसर)
दोष आपल्या चाचणीच्या शब्दातच दडलेला आहे. १९९६ च्या आरएफसी २०४७ या ई-मेलविषयक तांत्रिक मानकानुसार विषयओळीतील ॲस्कीबाह्य, म्हणजे साधी इंग्रजी अक्षरे, अंक व चिन्हे यांपलीकडचा, मजकूर सांकेतिक तुकड्यांत बांधतात आणि असा तुकडा ७५ वर्णांहून लांब चालत नाही. यूटीएफ-८ (चिन्हे बाइटांत, म्हणजे संगणकाच्या साठवणीच्या एककांत, मांडण्याची पद्धत) आणि बेस६४ (दर तीन बाइट चार साध्या वर्णांत लिहिण्याची पद्धत) वापरल्यास १२ वर्ण तुकड्याच्या आरंभीच्या आणि शेवटच्या खुणांच्या वेष्टनातच जातात. उरलेल्या ६३ पैकी, बेस६४ चारच्या पटीत चालत असल्याने, ६० कामी येतात, म्हणजे मूळ मजकुराचे ४५ बाइट. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मग ते व्यंजन असो, काना असो वा हलन्त, तीन बाइटांचे असते. त्यामुळे तीनदा 'मराठी' लिहिले, की बरोबर ४५ भरतात आणि तुकडा चिन्ह न फोडता संपतो. शब्दांमधली मोकळी जागा मात्र एकाच बाइटची. आपल्या सूचनेत दोन जागांनंतर ४५ वा बाइट 'येथील'मधील दीर्घ वेलांटीच्या पोटात येतो आणि आपली प्रणाली बहुधा तेथेच तुकडा पाडते, जे मानकाला मुळीच मान्य नाही. काही सॉफ्टवेअर सगळे तुकडे जोडून मग वाचतात, म्हणून फोनवर दोष झाकला जात असावा.

उत्तर (सदाशिव पेठ)
वरील उत्तराला एक पुरवणी. 'दर्या' आणि 'दऱ्या' हे दोन्ही शब्द चाचणीत असू द्यावेत. 'दऱ्या'तील अर्धा र काही जण 'ऱ' वापरून, तर काही जण साध्या 'र'ला हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह लावून लिहितात. 'अनावश्यक' वर्ण गाळणाऱ्या प्रणालीने ते जोडचिन्ह काढले, की दऱ्यांचा दर्या होतो आणि पडद्यावर एकही प्रश्नचिन्ह दिसत नाही. म्हणून केवळ डोळ्यांवर विसंबू नये. पाठवलेले आणि पोहोचलेले बाइट ताडून पाहावेत.

प्रश्नकर्ता (कोथरूड)
दोघांचेही आभार. फुटत होती ती 'येथील'ची वेलांटीच. तुकडा आता पूर्ण चिन्हाच्या सीमेवरच पाडला जातो. दऱ्यांची चाचणी मात्र नापास झाली आहे. जोडचिन्ह आमचीच प्रणाली गाळते.