द्राक्षाच्या गोडी छाटणीनंतर घडाऐवजी बाळ्या का निघतात?

प्रश्न
थॉमसन द्राक्ष, ९ × ५ फूट लागण, भारी जमीन, निफाड तालुका. गोडी छाटणीला (फळासाठीची, ऑक्टोबरातली) पंधरवडा झाला. फूट एकसारखी आहे, पण निम्म्या फुटींवर घडाच्या जागी बाळी (आधाराला गुंडाळणारा तंतू). काही ठिकाणी गोळी घड (आखडून गोळा झालेला). खरड छाटणी (नव्या काड्यांसाठीची, उन्हाळ्यातली) मेच्या दुसऱ्या आठवड्यात झाली होती. आता ६-बीए (सायटोकायनिन गटातलं संजीवक) फवारलं तर घड येतील का?

उत्तर १
बाळी निघालेल्या फुटीवर काहीही फवारा, घड येणार नाही. ऑक्टोबरात दिसणारा घड खरड छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांत काडीच्या डोळ्यात (जिथून पुढची फूट निघते) तयार होतो. मेच्या मध्यावर छाटणी म्हणजे हा काळ जूनअखेर ते जुलैत गेला. ढगाळ हवा, कमी ऊन, मुळाशी पाणी. अशा वेळी वेलीत जिबरेलिन (बाळीकडे नेणारं संजीवक) वाढतं, सायटोकायनिन (घडाकडे नेणारं) कमी पडतं आणि डोळा बाळीकडे वळतो.

गोळी घडाचं कारण वेगळं. तिथे घड होता, पण पोंग्यानंतर (डोळा फुगून उमलल्यावर) जिरू लागला. फेलफुटी (घड नसलेल्या फुटी) लगेच काढा, पाणी कमी करा, नत्र थांबवा, पालाश द्या.

उत्तर २
दादा, खरी दुरुस्ती एप्रिलमध्येच. पहिल्या पंधरवड्यात खरड छाटणी उरका. नंतर फुटींची विरळणी करून या अंतरावर वेलीला ३० ते ३५ काड्या पुरेत. गर्दी ठेवली की तळातल्या डोळ्यांवर सावली पडते आणि ते वांझ राहतात. सात पानं झाली की पाचव्या पानावर शेंडा मारून सबकेन करा, म्हणजे खुडल्या जागेच्या बगलफुटीची पुढची काडी बनवा. भारी जमिनीत हे टाळूच नका, कारण तिथे वेलीचा जोर शेंड्याकडे धावतो. सीसीसी (वाढ रोखणारं रसायन, क्लोरमेक्वाट) वापरताना मात्रा आणि अवस्था काटेकोर पाळा. २०१० मध्ये याच्याच अंशामुळे आपली द्राक्षं युरोपात अडकली होती.

उत्तर ३
गोडी छाटणीआधी काडी तपासून घ्यायला हवी होती. डोळा कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की कितव्या डोळ्यात घड आहे ते कळतं आणि कात्री तिथे लावता येते. सबकेनच्या काडीत फळधारक डोळे बहुधा गाठीजवळ (शेंडा मारलेल्या जागी) असतात, म्हणून गाठीपुढे एक-दोन डोळे ठेवून छाटतात. सरसकट एकाच मापाने छाटलं तर चांगला डोळा कात्रीत जातो.

आणि फेलफुटी काढताना एक पाहा, भाऊ: ओलांडा (काड्या धरणारी वेलीची आडवी फांदी) जिथे रिकामा पडलाय तिथली एक फूट राहू द्या. एप्रिलमध्ये त्या जागेवर काडी तिच्यातूनच घ्यावी लागेल.