दुसरी रॅम स्टिक टाकली तर विंडोजचं ॲक्टिव्हेशन जाईल का?

प्रश्न
रायझन ५ ५६००जी, बी४५० बोर्ड, डीडीआर४-३२०० ची ८ जीबीची एकच स्टिक, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. विंडोज १० प्रो दुकानदाराने टाकून दिलं, लायसन्स की (ॲक्टिव्हेशनचा कोड) कुठली ते माहीत नाही. टास्क मॅनेजरमध्ये रॅमचा स्पीड २४०० दिसतो आणि ८ पैकी जेमतेम ६ जीबी वापरता येते. आणखी ८ जीबी घेऊ का? पुढे विंडोज ११ आणि नवा बोर्डही करायचा आहे. लायसन्सचं काय होईल?

उत्तर १
रॅम बिनधास्त वाढवा. डिजिटल लायसन्स मुख्यतः मदरबोर्डशी जोडलेलं असतं, रॅमने ते जात नाही.

तुमच्या मशीनला दुसरी स्टिक हवीच, कारण ५६००जीचं ग्राफिक्स हीच रॅम वापरतं. ३२०० ला एका चॅनेलवर (रॅम आणि प्रोसेसरमधला मार्ग) सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी डेटा जातो, दोन स्टिक दोन चॅनेलवर लावल्या तर ५१.२. गेममध्ये मोठा फरक पडतो तो यामुळे, म्हणून १६ जीबीची एकच स्टिक घेऊ नका. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा भरा. शेजारशेजारचे पहिले दोन भरले तर बहुतेक बोर्डवर दोन्ही एकाच चॅनेलवर बसतात.

२४०० दिसतंय म्हणजे बहुतेक एक्सएमपी (रॅमला तिचा पूर्ण स्पीड देणारी सेटिंग) बंद आहे. बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीचा बोर्डचा सेटिंग मेनू) चालू करा, काही बोर्डवर त्यालाच डीओसीपी म्हणतात. नंतर सीपीयू-झेडमध्ये (हार्डवेअरची माहिती दाखवणारं ॲप) १६०० दिसेल, ते बरोबर आहे, तिथे निम्मा आकडा येतो. गायब २ जीबी ग्राफिक्ससाठी राखलेली असणार. बायोसमध्ये यूएमए फ्रेम बफर (ही राखीव रॅम ठरवणारी सेटिंग) ५१२ एमबी करून बघा, गरज पडली की विंडोज ग्राफिक्सला आणखी रॅम देतंच.

उत्तर २
स्टिक त्याच पार्ट नंबरची मिळाली तर उत्तम. सीएल म्हणजे डेटा यायला रॅमला लागणारी घड्याळाची चक्रं; सीएल१६ सोबत सीएल२२ लावली तर दोन्हींना चालतील अशीच टायमिंग ठेवावी लागतात. ३२०० ला सीएल१६ म्हणजे १० नॅनोसेकंद, सीएल२२ म्हणजे १३.७५. एक्सएमपी चालू केल्यावर डिस्प्लेच आला नाही तर सीमॉस क्लिअर करा (बायोसच्या सेटिंग्ज मूळ स्थितीत आणा) आणि २९३३ वर लावा. मग मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) पूर्ण चालवा. एकही एरर आली तर स्पीड आणखी उतरवा, नाहीतर फाइली हळूहळू करप्ट होतात.

उत्तर ३
लायसन्स आधी तपासा. कमांड प्रॉम्प्टमध्ये एसएलएमजीआर, स्पेस, स्लॅश डीएलआय टाइप करा आणि लायसन्सचा चॅनेल म्हणजे प्रकार वाचा. रिटेल (सुटं विकत घेतलेलं) असेल तर नव्या बोर्डवर नेता येतं. त्यासाठी बोर्ड बदलण्याआधीच मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करून ठेवा, नंतर ॲक्टिव्हेशन ट्रबलशूटमध्ये 'हार्डवेअर बदललं' हा पर्याय निवडा. ओईएम (मशीनसोबत आलेलं) असेल तर ते जुन्या बोर्डबरोबरच संपतं. व्हॉल्यूम केएमएस (कंपन्या-संस्थांसाठीचं लायसन्स) दिसलं तर ती की घरगुती मशीनसाठी नाहीच. दर १८० दिवसांच्या आत संस्थेच्या सर्व्हरकडून नूतनीकरण व्हावं लागतं. ती बाजूला ठेवून रीतसर रिटेल घ्या.

लायसन्स अस्सल असेल तर ११ वर जायला वेगळे पैसे पडत नाहीत. ५६००जी विंडोज ११ ला चालणाऱ्या प्रोसेसरच्या यादीत आहे, बायोसमध्ये एफटीपीएम (प्रोसेसरमधलीच सुरक्षेची सोय) चालू लागतो. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपलाय, तेव्हा हे लांबवू नका.

उत्तर ४
एक राहिलं. बिटलॉकर (ड्राइव्ह कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर बायोस अपडेट किंवा बोर्ड बदलण्याआधी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या आणि बिटलॉकर सस्पेंड करा. एफटीपीएम रीसेट झाला की पहिल्याच बूटला बिटलॉकर ती ४८ आकडी की मागतो. ती नसेल तर ड्राइव्हवरचा डेटा उघडत नाही.