मिशिगन वर आलं तेव्हा ओहायोची पोरं कुठे गेली?

सायोटोकाठचा (धागाकर्ता)

मुलगी हायस्कूलच्या मार्चिंग बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवते. त्यामुळे गेली चार वर्षं पानगळीच्या दिवसांतली प्रत्येक शुक्रवारची संध्याकाळ आम्ही कोलंबसच्या आसपास कुठल्या ना कुठल्या मैदानाच्या गार बाकांवर काढतो. बाकीच्या पालकांच्या गप्पा ऐकता ऐकता मलाही रिक्रूटिंगचं, म्हणजे कॉलेज संघांच्या खेळाडू-भरतीचं, वेड लागलं.

इथे नवीन असलेल्यांसाठी: अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये हायस्कूलच्या पोरांचा लिलाव नसतो, ड्राफ्टही नसतो. कोच स्वतः शाळेत जातो, घरी जेवायला बसतो, स्कॉलरशिपची ऑफर देतो आणि शेवटी निवड पोराची असते. म्हणून शेजारच्या राज्यातलं वैरी कॉलेज अचानक जिंकायला लागलं की प्रत्येक दिवाणखान्यातलं बोलणं बदलतं.

कोलंबसचं ओहायो स्टेट आणि अॅन आर्बरचं मिशिगन. मध्ये साधारण तीनशे किलोमीटर. जिम हारबॉ २०१४ च्या डिसेंबरात कोच म्हणून मिशिगनला आला आणि २०१५ ते २०१९ सलग पाच वेळा ओहायो स्टेटकडून हरला. २०२० मध्ये कोविडमुळे सामनाच रद्द झाला, मिशिगनचा तो हंगाम २-४ (दोन विजय, चार पराभव) असा संपला. आणि मग २०२१ ला ४२-२७, २०२२ ला कोलंबसमध्ये येऊन ४५-२३, २०२३ ला ३०-२४. त्यावर कळस म्हणजे ८ जानेवारी २०२४ ला वॉशिंग्टनला ३४-१३ हरवून राष्ट्रीय विजेतेपद.

माझं म्हणणं असं. या काळात मिशिगननं ओहायोतून नेलेली मोठी नावं मोजायला गेलात तर हाताची बोटं पुरतील. भरतीच्या क्रमवारीत ओहायो स्टेट पहिल्या पाच-सहांतून हललं नाही. पण एक सोय हातातून गेली. पूर्वी ओहायोतल्या चांगल्या, पण अव्वल नसलेल्या पोराला कोलंबसचे कोच खुशाल थांबवून ठेवत. आधी फ्लोरिडा, टेक्सास, जॉर्जियातल्या पाच ताऱ्यांच्या (भरतीच्या याद्यांत सर्वांत वरचा दर्जा) पोरांकडे बघायचं, जागा उरली तर डिसेंबरात घरच्याला फोन करायचा. पोरगं थांबायचं, कारण लहानपणापासून अंगात तोच ओहायो स्टेटचा लाल-करडा शर्ट. समोर विजेतं मिशिगन उभं राहिल्यावर पोरं थांबेनाशी झाली. रिक्रूटिंगवर खरा परिणाम हा, आणि तो ताऱ्यांच्या यादीत दिसत नाही.

नोव्हायकर

दादा, तुम्ही कारण आणि परिणाम उलटे मांडताय. मी अॅन आर्बरला शिकलो, म्हणून पक्षपाती म्हणा, पण एक नाव घ्या: रॉड मोर. डेटनजवळच्या क्लेटनचा, नॉर्थमाँट हायस्कूलचा. २०२३ च्या सामन्यात शेवटच्या मिनिटाला ओहायो स्टेटचा पास अडवून ज्यानं सामना संपवला तो. हा पोरगा २०२१ च्या तुकडीतला, म्हणजे त्या वर्षी कॉलेजात आलेला. तो मिशिगनला आला तेव्हा २-४ चा हंगाम नुकताच संपला होता आणि लोक हारबॉला काढा म्हणत होते. पुनरुत्थान बघून तो आला नाही, पुनरुत्थान त्याच्यासारख्यांनी केलं.

आणि ही वाट जुनीच आहे. मिशिगनचा जुना कोच बो शेंबेकलर स्वतः ओहायोतल्या बार्बरटनचा, ओहायो स्टेटचा कोच वुडी हेजच्या हाताखाली तयार झालेला. मिशिगनचे १९९१ आणि १९९७ चे हाइजमन (कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) विजेते कोण? डेस्मंड हॉवर्ड क्लीव्हलँडचा, चार्ल्स वुडसन फ्रीमाँटचा. दोघंही ओहायोचे! २००१ मध्ये जिम ट्रेसल कोच म्हणून कोलंबसला आला, त्यानं राज्यातल्या शाळांशी पुन्हा नातं जोडलं आणि ही वाट जवळजवळ बंद झाली. हारबॉनं ती थोडी उघडली, एवढंच. बाय द वे, हारबॉ आणि ओहायो स्टेटचा माजी कोच अर्बन मायर दोघांचा जन्म दोन्ही राज्यांच्या सीमेवरच्या टोलेडोचा. सीमेवरच्या लोकांना हे वैर आपल्यापेक्षा जास्त कळतं.

सायोटोकाठचा

मोरचा मुद्दा मान्य, तो माझ्या लक्षातच आला नव्हता. पण मग जॉर्डन मार्शल घ्या. सिनसिनाटीच्या मोलर हायस्कूलचा रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारा), २०२३ चा ओहायोचा ‘मिस्टर फुटबॉल’, म्हणजे राज्यातला सर्वोत्तम हायस्कूल खेळाडू, आणि २०२४ च्या तुकडीत गेला कुठे? अॅन आर्बरला. राज्याचा पहिला खेळाडू वैऱ्याकडे जाणं ही २०१५ मध्ये सहज घडण्यासारखी गोष्ट होती का?

लान्सिंगकर

दोघेही आपापल्या ध्वजाखाली भांडताय आणि ज्याचं खरं नुकसान झालं त्याचं नावही घेत नाही. मिशिगन स्टेट, म्हणजे मिशिगन राज्यातलंच ईस्ट लान्सिंगचं दुसरं मोठं विद्यापीठ.

मी ईस्ट लान्सिंगला बावीस वर्षं राहतो. आमचं वैभव कुठून आलं ते आठवा. आमचा कोच मार्क डँटोनियो ओहायोतल्या झेन्सव्हिलमध्ये वाढला, ट्रेसलच्या हाताखाली कोलंबसला बचाव सांभाळत होता. लान्सिंगला आल्यावर त्यानं काय केलं? ओहायो स्टेटनं न उचललेली पोरं उचलली. लेव्हिऑन बेल हा ग्रोव्हपोर्टचा, म्हणजे कोलंबसच्या अगदी वेशीवरचा, दोन ताऱ्यांचा मुलगा. कॉनर कुक हिंकलीचा. याच कुकच्या हातून २०१३ ला आम्ही बिग टेनच्या (या तिन्ही कॉलेजांच्या साखळीच्या) अंतिम सामन्यात ओहायो स्टेटला ३४-२४ हरवलं आणि १ जानेवारी २०१४ ला रोझ बोल हा नावाजलेला सामना जिंकला. धागाकर्ते ज्यांना ‘थांबवून ठेवलेली पोरं’ म्हणतात, त्यांच्यावर आमचं घर उभं होतं.

मिशिगन वर आल्यावर या पोरांना दुसरा दरवाजा मिळाला आणि आमचा बंद झाला. घरच्या राज्यातही तेच. ग्रोस पॉइंटचा विल जॉन्सन, वेस्ट ब्लूमफील्डचा डोनोव्हन एडवर्ड्स, सगळे मिशिगनच्या निळ्या-पिवळ्यात. आणि आठवतंय ना, ३० ऑक्टोबर २०२१ ला त्याच मिशिगनला आम्ही ३७-३३ हरवलं होतं! त्या हंगामात ११ सामने जिंकले. लगेच कोचला दहा वर्षांचा साडेनऊ कोटी डॉलर्सचा करार दिला, पुढच्याच वर्षी ५-७, आणि २०२३ च्या सप्टेंबरात त्या कोचला काढावं लागलं. ही आमची स्वतःची चूक, ती मी कुणाच्या माथी मारत नाही. पण भरतीच्या वेळी पोरासमोर एकीकडे विजेतेपदाची अंगठी आणि दुसरीकडे डळमळीत खुर्ची असेल तर तो कुठे जाईल?

वर आलेल्या वैऱ्याचा धक्का बलाढ्य शेजाऱ्याला बसत नाही. तो तिसऱ्याला बसतो.

पेठेतला

मी कोल्हापूरचा, आता पिट्सबर्गला. आमच्याकडे पाटाकडील आणि दिलबहार यांचा सामना शाहू स्टेडियमवर असला की पेठेतलं पोर कोणत्या तालमीचं हे विचारावं लागत नाही, ते जन्मतःच ठरलेलं असतं. इथे आलो तेव्हा मला ओहायो-मिशिगन तसंच वाटलं. आता वाटत नाही.

तुमच्या सगळ्या मुद्द्यांवर माझा एकच आक्षेप: १ जुलै २०२१ नंतर ‘प्रादेशिक’ भरती उरलीय कुठे? त्या दिवसापासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे घेता येऊ लागले. त्याच वर्षी एकदा कॉलेज बदलण्यासाठी वर्षभर बाहेर बसायची अटही गेली. मिशिगनचं पुनरुत्थान नेमकं त्याच वर्षी सुरू झालं, म्हणून तुम्ही एकाचं पाप दुसऱ्याच्या नावावर लिहिताय.

पुरावा? २०२४ च्या हंगामाचा ओहायो स्टेटचा राष्ट्रीय विजेता संघ बघा. क्वार्टरबॅक (पास फेकून आक्रमण चालवणारा) विल हॉवर्ड कॅन्सस स्टेट कॉलेजमधून आलेला. क्विन्शॉन जडकिन्स ओल मिसमधून, केलेब डाउन्स अलाबामामधून. जेरेमाया स्मिथ फ्लोरिडाचा. त्या संघावर सुमारे दोन कोटी डॉलर्स खर्च झाल्याचं त्यांच्याच अॅथलेटिक डायरेक्टरनं सांगितलं. आणि उलट बाजूनं: त्या वर्षीचा देशातला सर्वांत गाजलेला हायस्कूल क्वार्टरबॅक ब्राइस अंडरवुड आधी लुइझियानाच्या एलएसयूला शब्द देऊन बसला होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये फिरला आणि मिशिगनकडे आला. तेव्हा मिशिगन जिंकत होतं का? नियमित हंगाम ७-५ असा संपला. जिंकण्याचा संबंध असता तर तो त्या वर्षी आलाच नसता.

नोव्हायकर

अंडरवुड बेलव्हिलचा आहे, अॅन आर्बरहून गाडीनं अर्ध्या तासावर. म्हणजे पैसे मोजले ते घरच्या पोरासाठी मोजले. तुमचंच उदाहरण प्रदेशाच्या बाजूनं बोलतंय. आणि पैसा गोळा होतो तो उत्साहातून. लागोपाठ तीन वर्षं ओहायो स्टेटला हरवलं नसतं तर देणाऱ्यांनी पाकीट एवढं उघडलं असतं?

सायोटोकाठचा

पेठेतले, तुमचा मुद्दा सर्वांत जड आहे, पण त्या विजेत्या संघातली अर्धी गोष्ट तुम्ही सोडलीत. जॅक सॉयर पिकरिंग्टनचा, म्हणजे आमच्या शहराच्या उपनगरातला. सनी स्टाइल्सही तिथलाच. २०२३ च्या पराभवानंतर सॉयर, ट्रेव्हियन हेंडरसन, एमेका एग्बुका असे बरेचजण व्यावसायिक लीगमध्ये जायचं सोडून आणखी एक वर्ष राहिले, कारण मिशिगनला हरवल्याशिवाय जायचं नव्हतं. ते तर जमलंच नाही. २०२४ लाही घरच्या मैदानावर १३-१० हरले, तो दिवस मी अजून विसरलो नाही. पण पुढे टेक्ससविरुद्ध सॉयरनं चेंडू उचलून ८३ यार्ड पळवला आणि २० जानेवारी २०२५ ला नॉत्र दामविरुद्ध ३४-२३ नं राष्ट्रीय विजेतेपद. आपली पोरं आपल्याकडे टिकवणं हीसुद्धा भरतीच. ती वैऱ्यानं करून दिली.

टोलेडोची मावशी

मी सगळं वाचलं. टोलेडोत सतरा वर्षं शाळेत शिकवते, म्हणून थोडं इथलं सांगते.

१८३५ मध्ये ओहायो आणि मिशिगन या गावासाठी खरंच सैन्य घेऊन समोरासमोर आले होते. गाव ओहायोला मिळालं, मिशिगनला उत्तरेचा द्वीपकल्प. पण अॅन आर्बर इथून तासाभरावर आहे आणि कोलंबस त्याच्या दुप्पटीहून लांब. माझ्या वर्गात निळे आणि लाल शर्ट जवळजवळ सारखेच असतात. २०२१ नंतर निळे वाढले, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

लान्सिंगकर म्हणतात तिसऱ्याला धक्का बसतो. मी म्हणेन चौथ्याला बसतो. मोठ्या संघांनी ऐंशी-नव्वद किलोमीटरच्या परिघातली पोरं लवकर उचलायला सुरुवात केली की टोलेडो विद्यापीठ, बोलिंग ग्रीन यांच्या कोचना उरतं काय? आणि एखादा त्यांच्याकडे फुलला तर पोर्टलमधून (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नोंदयादी) दोन वर्षांत वर जातो. त्यात २०२५ पासून ८५ स्कॉलरशिपांची मर्यादा जाऊन १०५ जणांच्या संघाची मर्यादा आलीय. पैसेवाल्या कॉलेजला वाटलं तर सगळ्या १०५ जणांना स्कॉलरशिप देता येते.

धागाकर्त्यांच्या मुद्द्याला मात्र माझा दुजोरा आहे. आमच्या शेजारचा मुलगा, लाइनमन (पुढच्या रांगेतला धिप्पाड खेळाडू), खूप गुणी. एका मोठ्या कॉलेजनं, नाव घेत नाही, त्याला तीन उन्हाळे कॅम्पला बोलावलं. प्रत्येक वेळी ‘तू आमच्या यादीत आहेस’. ऑफर नाही. जी कॉलेजं ऑफर देत होती त्यांना तो नाही म्हणत राहिला. शेवटच्या वर्षी डिसेंबरात त्याच्या जागी दुसरीकडून कुणीतरी पोर्टलमधून आलं.

लान्सिंगकर

ताई, मग पुढे काय झालं त्याचं? आणि हे मिशिगन वर आल्यानंतरचं ना? धागाकर्ते तर म्हणतात आता पोरं थांबत नाहीत.

टोलेडोची मावशी

हो, २०२३ चं. थांबला कारण वडील थांबा म्हणाले. ते जुन्या काळातले, त्यांच्या डोक्यात अजून ट्रेसलचं ओहायो होतं. शेवटी आईनं स्वतः इथल्याच विद्यापीठाच्या कोचला फोन केला. घरून पंधरा मिनिटांवर. आता तिथे खेळतो, शनिवारी आम्ही सगळे जातो. धाकटा भाऊ दहावीत आहे, त्याला पहिली ऑफर मार्चमध्ये आली आणि या वेळी वडिलांनी कुणालाच ‘थांबू’ म्हटलेलं नाही.